वतन की इजारा? : स्टॉक कार शर्यतींतील प्रतिष्ठा, परंपरा आणि संघमालकांचे वाद

प्रस्तावना :

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील शार्लट येथील संघीय न्यायालयात ११ डिसेंबर २०२५ रोजी स्टॉक कार शर्यतींच्या क्षेत्रातील एक मोठा खटला सुनावणीच्या नवव्या दिवशी तडजोडीने मिटला. वादी पक्षात दोन संघ होते. एक, बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन आणि शर्यतचालक डेनी हॅमलिन यांच्या भागीदारीतील 'ट्वेंटी-थ्री इलेव्हन रेसिंग'. दुसरा, बॉब जेनकिन्स यांचा 'फ्रंट रो मोटरस्पोर्ट्स'. प्रतिवादी होती नॅसकार ही संस्था आणि तिचे प्रमुख जिम फ्रान्स. वृत्तपत्रांनी हा वाद मुख्यतः पैशाचा म्हणून मांडला आणि तो पैशाचा होताही. तथापि संघमालकांच्या साक्षी वाचताना असे आढळते की, रकमेइतकाच, किंबहुना काही ठिकाणी रकमेहून अधिक आग्रहाने, तेथे वारशाचा प्रश्न मांडला गेला. आयुष्यभर उभारलेला संघ आपल्या पश्चात मुलानातवंडांना देता येईल की नाही, हा तो प्रश्न होय.

या क्रीडाप्रकाराची प्रतिष्ठा ज्या 'परंपरे'वर उभी आहे, ती परंपरा प्रत्यक्षात कोणाच्या मालकीची आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. जाहिरातींत, दूरचित्रवाणीवरील समालोचनात आणि संस्थेच्या स्वतःच्या प्रकाशनांत ती सर्वांची म्हणून सांगितली जाते. करारनाम्यांत मात्र ती एका कुटुंबाची असते. या दोन विधानांतील अंतर जेव्हा जेव्हा उघडे पडले, तेव्हा तेव्हा संघमालक वा चालक आणि संस्था यांच्यात वाद झाला, असे या इतिहासाच्या वाचनातून दिसते.

मराठी वाचकाला या वादाचे स्वरूप समजण्यास आपल्याच महसुली शब्दसंग्रहातील दोन शब्द पुरेसे आहेत : वतन आणि इजारा. वतन वंशपरंपरेने चालते आणि त्याच्याशी मानपान निगडित असतो. इजारा मुदतीचा असतो. मुदत संपली की देणाऱ्याच्या मर्जीने तो वाढतो किंवा दुसऱ्याकडे जातो. इजारदाराने कितीही मेहनत केली तरी त्याच्या मेहनतीने वाढलेले मोल अखेर जमीनधन्याच्या खात्यावर जमा होते. नॅसकारमधील संघमालकांना वतनदाराचा मान दिला गेला, हक्क मात्र इजारदाराचे राहिले.

संघटना नावाची खासगी कंपनी :

स्टॉक कार म्हणजे मुळात विक्रेत्याच्या दुकानात मिळणारी सर्वसाधारण मोटार. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत अशा मोटारींच्या शर्यती दुसऱ्या महायुद्धापूर्वीपासून होत असत. चोरटी दारू वाहून नेणारे तरुण पोलिसांना चुकविण्यासाठी आपल्या गाड्यांत फेरफार करीत आणि हेच कसब शर्यतीत उपयोगी पडे. आयोजक अनेक होते, नियम ठिकठिकाणी वेगळे होते, आणि बक्षिसाची रक्कम घेऊन पसार होणारे आयोजकही होते. या अंदाधुंदीला आळा घालण्यासाठी बिल फ्रान्स यांनी डिसेंबर १९४७ मध्ये फ्लॉरिडातील डेटोना बीच येथील स्ट्रीमलाइन हॉटेलात बैठक बोलावली आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये 'नॅशनल असोसिएशन फॉर स्टॉक कार ऑटो रेसिंग' अर्थात नॅसकार अस्तित्वात आली.

या नावातील 'असोसिएशन' हा शब्द बारकाईने पाहण्यासारखा आहे. संघटना म्हटली की सभासद, मतदान, निवडून आलेले पदाधिकारी अशी कल्पना मनात येते. नॅसकार ही प्रारंभापासून खासगी कंपनी होती व पुढे ती फ्रान्स कुटुंबाची झाली. सूत्रे बिल फ्रान्स यांच्याकडून १९७२ मध्ये त्यांच्या बिल नावाच्याच पुत्राकडे, २००३ मध्ये नातू ब्रायन यांच्याकडे आणि २०१८ मध्ये धाकटे पुत्र जिम यांच्याकडे गेली. अमेरिकेतील फुटबॉल वा बास्केटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये संघमालक एकत्र येऊन लीग चालवितात. आयुक्त हा त्यांनी नेमलेला असतो. नॅसकारमध्ये ही रचना उलटी आहे. येथे लीगचे मालक वेगळे, संघांचे मालक वेगळे, आणि नियम करणारा, दंड करणारा व बक्षीस वाटणारा पक्ष एकच. खेळाला शिस्त लागली ती या एकहाती सत्तेमुळेच, हे मान्य करावे लागते. बिल फ्रान्स यांच्या करड्या हुकमतीविना हा खेळ गावोगावच्या मातीच्या मैदानांतच राहिला असता, असे मानण्यास जागा आहे. त्या हुकमतीची किंमत कोणी दिली, हा पुढचा प्रश्न आहे.

तो पहिल्याच शर्यतीत उपस्थित झाला. १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेची पहिली शर्यत झाली. ग्लेन डनवे यांनी ती जिंकली, परंतु तपासणीत त्यांच्या फोर्ड गाडीच्या मागील स्प्रिंगांमध्ये दारूवाहतुकीच्या गाड्यांत करतात तसा फेरफार आढळला आणि विजय जिम रोपर यांना देण्यात आला. गाडीचे मालक ह्यूबर्ट वेस्टमोरलँड यांनी १०,००० डॉलरच्या भरपाईसाठी दावा लावला. न्यायालयाने तो फेटाळला. स्वतः केलेले नियम स्वतःच राबविण्याचा नॅसकारचा अधिकार या निकालाने पक्का झाला. शार्लटमध्ये झालेल्या पहिल्या शर्यतीतून मालकाचा पहिला दावा निघाला आणि ७६ वर्षांनंतरचा मोठा खटलाही शार्लटमध्येच उभा राहिला, हा योगायोग असला तरी बोलका आहे. दोन्ही वेळी एकाच पक्षाकडे किती अधिकार असावेत, हेच न्यायालयाला विचारले गेले होते.

मधल्या काळातील दोन प्रसंग चालकांचे आहेत, पण मालकांच्या वादाची पार्श्वभूमी म्हणून ते टाळता येत नाहीत. कर्टिस टर्नर हे नामांकित चालक शार्लटच्या नव्या शर्यतमार्गाच्या उभारणीत कर्जबाजारी झाले होते. टीमस्टर्स या कामगार संघटनेकडून कर्ज मिळविण्याच्या बदल्यात चालकांची संघटना बांधण्याचे त्यांनी १९६१ मध्ये मान्य केले. बिल फ्रान्स यांनी टर्नर आणि त्यांचे सहकारी टिम फ्लॉक यांच्यावर आजन्म बंदी घातली. ती १९६५ मध्ये उठली. दुसरा प्रसंग १९६९ चा. अलाबामातील टॅलाडेगा येथील नव्या २.६६ मैलांच्या मार्गावर ताशी २०० मैलांच्या आसपासच्या वेगात टायर फाटू लागले, तेव्हा रिचर्ड पेटी यांच्या नेतृत्वाखालील चालक संघटनेने शर्यतीवर बहिष्कार टाकला. बिल फ्रान्स यांनी स्वतः त्या मार्गावर गाडी चालवून दाखविली, उपलब्ध चालक व लहान गाड्या उतरवून शर्यत पार पाडली आणि रिचर्ड ब्रिकहाऊस हा तरुण चालक विजयी झाला. संघटना अल्पावधीत विरून गेली. नामवंतांवाचूनही शर्यत होऊ शकते, हा या प्रसंगातून मालकांनी व चालकांनी घेतलेला धडा पुढे दीर्घकाळ टिकला.

परंपरेची खरेदी-विक्री :

नॅसकारची परंपरा केवळ संस्थेने घडविली नाही, लेखनानेही घडविली. टॉम वुल्फ यांनी १९६५ मध्ये 'एस्क्वायर' मासिकात ज्युनियर जॉन्सन यांच्यावर लिहिलेला दीर्घ लेख या बाबतीत महत्त्वाचा ठरतो. नॉर्थ कॅरोलायनाच्या विल्क्स परगण्यातील जॉन्सन हे दारूच्या चोरट्या वाहतुकीत वाढलेले होते. वडिलांच्या भट्टीवर पकडले गेल्याने त्यांनी तुरुंगवास भोगला होता. पुढे १९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी त्यांना माफी दिली. वुल्फ यांनी या माणसात एका प्रदेशाचा वीरनायक पाहिला आणि शहरी वाचकांना दाखविला. त्यांच्या गद्याचा झपाटा वादातीत आहे. परंतु वीरनायकाच्या कथेची एक मर्यादा असते : तिच्यात माणूस, गाडी आणि रस्ता दिसतात, करारनामा दिसत नाही. जॉन्सन यांचे खरे वैशिष्ट्य हे की, चालक म्हणून ५० विजय मिळविल्यानंतर ते अनेक वर्षे संघमालक राहिले, आणि १९७१ च्या आरंभी सिगारेटच्या जाहिरातींना दूरचित्रवाणी बंद झाली तेव्हा आर. जे. रेनल्ड्स या तंबाखू कंपनीची नॅसकारशी गाठ घालून देण्यात त्यांचाच हात होता. संघासाठी प्रायोजक शोधणाऱ्या या मालकाने ती कंपनी संस्थेच्या पदरात टाकली आणि विजेतेपदाला १९७१ ते २००३ पर्यंत 'विन्स्टन कप' हे नाव मिळाले. डोंगराळ भागातील दारूवाल्याच्या पोराची गोष्ट लोकप्रिय झाली. मध्यस्थ-मालक जॉन्सनची गोष्ट मागे पडली.

परंपरेच्या व्यवहाराचे सर्वांत स्पष्ट उदाहरण जॉन्सन यांच्याच परगण्यात सापडते. नॉर्थ विल्क्सबरोचा लहानसा मार्ग नॅसकारच्या पहिल्या हंगामापासून वापरात होता. त्याचे मालकीहक्क बाहेरच्या दोन मार्गमालकांनी अर्धे-अर्धे विकत घेतले. त्यांना मार्ग नको होता, त्याच्या नावावरच्या शर्यतीच्या तारखा हव्या होत्या. १९९६ नंतर एक तारीख टेक्सासला व दुसरी न्यू हॅम्पशायरला गेली आणि विल्क्सबरोच्या बैठका गवताने झाकल्या. २०२३ मध्ये त्याच मार्गाची डागडुजी करून तेथे निवडक चालकांची 'ऑल-स्टार' शर्यत भरविण्यात आली, आणि जुन्या रंगातील फलक, गंजलेल्या खुणा हेच तिचे मुख्य आकर्षण म्हणून पुढे करण्यात आले. ज्या परंपरेला २५ वर्षे बाजारात किंमत नव्हती, ती दुर्मीळ झाल्यावर पुन्हा विक्रीयोग्य झाली.

साउथ कॅरोलायनातील डार्लिंग्टनच्या 'सदर्न ५००' चेही असेच झाले. १९५० पासून ही शर्यत कामगारदिनाच्या सुट्टीला होत असे आणि त्या भागात तिला जत्रेचे स्वरूप होते. २००३ नंतर ती तारीख कॅलिफोर्नियाला देण्यात आली. पुढे टेक्सासला दुसरी शर्यत मिळावी म्हणून एका भागधारकाने लावलेल्या दाव्यात तडजोड झाली, तिच्यात डार्लिंग्टनची एक शर्यतच गेली आणि २००५ मध्ये 'सदर्न ५००' हे नाव वेळापत्रकातून नाहीसे झाले. नाव २००९ मध्ये परत आले, कामगारदिन २०१५ मध्ये. परत आलेल्या शर्यतीत संघांनी गाड्यांना जुन्या काळचे रंग द्यावेत, असा प्रघात पाडण्यात आला. हे रंग ज्या चालकांचे व मालकांचे होते, त्यांच्यापैकी बहुतेकांचे संघ तोवर विकले गेले होते किंवा बंद पडले होते. परंपरेचे स्मरण करण्यास येथे मज्जाव नाही. वेळापत्रक बदलताना मात्र तिला कोणी विचारीत नाही.

एक बाजू आणखी आहे व ती विसरून परंपरेविषयी बोलणे प्रामाणिक ठरणार नाही. १ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिल येथे वेंडेल स्कॉट या कृष्णवर्णीय चालकाने शर्यत जिंकली. तो स्वतःच्या गाडीचा मालकही होता. विजेता म्हणून प्रथम बक बेकर यांचे नाव घोषित झाले, नंतर मोजणीतील 'चूक' दुरुस्त झाली, पण करंडक स्कॉट यांच्या हाती कधी आला नाही. त्यांच्या कुटुंबाला तो २०२१ मध्ये, स्कॉट यांच्या मृत्यूनंतर तीन दशकांनी, देण्यात आला. दक्षिणेच्या फुटीर राज्यांचा ध्वज शर्यतस्थळी आणण्यास नॅसकारने जून २०२० मध्ये बंदी घातली. तोपर्यंत तो 'परंपरा' म्हणूनच फडकत होता. तेव्हा परंपरा राखावी असे म्हणणाऱ्याने कोणती, हे आधी सांगितले पाहिजे.

गाडीवरचा आकडा :

या खेळात संघाची प्रतिष्ठा सर्वांत ठळकपणे कशात दिसत असेल तर ती गाडीच्या दारावरील आकड्यात. पेटी घराण्याचा ४३, वूड बंधूंचा २१, डेल अर्नहार्ट यांचा ३. प्रेक्षक हे आकडे टोपीवर, अंगावर गोंदवून मिरवितात. परंतु आकडे संघांच्या मालकीचे नाहीत. नॅसकार ते वापरण्यापुरते मालकांना देते. फेब्रुवारी २००१ मध्ये डेटोनाच्या अखेरच्या फेरीत अर्नहार्ट यांचा मृत्यू झाल्यावर त्यांचे संघमालक रिचर्ड चिल्ड्रेस यांनी ३ हा आकडा सर्वोच्च मालिकेत अनेक वर्षे वापरला नाही आणि २०१४ मध्ये तो आपल्या नातवाच्या गाडीवर दिला. न वापरण्याचा हा निर्णय शोकाचा होता तसाच वारशाचाही.

अर्नहार्ट यांच्या स्वतःच्या संघात याच प्रश्नाने घर फोडले. मृत्यूनंतर संघ पत्नी तेरेसा यांच्याकडे आला. दुसऱ्या विवाहाचा मुलगा डेल ज्युनियर हा त्या संघाचा सर्वांत लोकप्रिय चालक होता. त्याने ५१ टक्के मालकी मागितली, ती मिळाली नाही आणि मे २००७ मध्ये त्याने संघ सोडण्याची घोषणा केली. जाताना त्याला ८ हा आकडाही नेता आला नाही. २००८ पासून तो रिक हेंड्रिक यांच्या संघात ८८ क्रमांकाची गाडी चालवू लागला. वडिलांचा संघ २००९ मध्ये दुसऱ्या संघात विलीन झाला. संघाचे मोल चालकावर व प्रायोजकावर इतके अवलंबून होते की चालक जाताच वारशाने मिळालेली मालकी जवळजवळ पोकळ ठरली. याच अनिश्चिततेवर उपाय म्हणून पुढे चार्टर आले.

चार्टर अर्थात सनद :

संघमालकांनी २०१४ मध्ये रॉब कॉफमन यांच्या पुढाकाराने 'रेस टीम अलायन्स' स्थापन केली. फ्रान्स कुटुंबाच्या दृष्टीने हा १९६१ आणि १९६९ चाच प्रतिध्वनी होता, परंतु या वेळी समोर कर्जबाजारी चालक नव्हते, बलाढ्य उद्योगपती होते. वाटाघाटींतून २०१६ मध्ये ३६ चार्टर वाटण्यात आले. ४० गाड्यांच्या शर्यतीत चार्टरधारक ३६ गाड्यांना प्रवेशाची हमी आणि उत्पन्नाचा निश्चित वाटा मिळाला. उरलेल्या जागा 'खुल्या' राहिल्या. चार्टर विकता येत होते. पण ते कायमचे नव्हते. मुदतीनंतर नूतनीकरण नॅसकारच्या हाती होते. सनद हातात आली, तिच्यावरचा मजकूर मात्र इजाऱ्याचा होता.

वाटपाचा निकष परंपरेच्या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. मागील तीन हंगामांत सातत्याने सर्व शर्यतींत उतरलेल्या गाड्यांना चार्टर मिळाले. परिणामी व्हर्जिनियातील स्टुअर्ट येथील वूड बंधू, ज्यांचा संघ १९५० पासून अखंड चालू होता, त्यांना २०१६ मध्ये चार्टर मिळाले नाही. कारण पैशाअभावी मधली काही वर्षे ते मोजक्याच शर्यतींत भाग घेत होते. थांब्यावर टायर बदलणे व इंधन भरणे हे काम शास्त्रशुद्ध व विजेच्या वेगाने कसे करावे, हे या खेळाला वूड बंधूंनी शिकविले. १९६५ च्या इंडियानापोलिस ५०० मध्ये जिम क्लार्क यांच्या लोटस गाडीची सेवा करण्यासाठी त्यांनाच पाचारण केले गेले होते. अशा घराण्याला २०१७ ची पोकोनो येथील शर्यत रायन ब्लेनी यांच्याकरवी 'खुला' संघ म्हणून जिंकावी लागली. नॅसकारच्या समारंभांत वूड बंधूंच्या नावाने टाळ्या वाजत आणि प्रवेशयादीत ते उपरे ठरत. प्रतिष्ठा आणि हक्क यांतील फारकतीचे याहून नेमके उदाहरण या खेळात दुसरे नाही.

चार्टरमुळे संघ टिकले असेही सरसकट म्हणता येत नाही. कोलोरॅडोतील डेन्व्हर येथील फर्निचर रो संघाने २०१७ चे विजेतेपद पटकाविले आणि मुख्य प्रायोजक गेल्याने २०१८ अखेर तो बंद पडला. त्याचे चार्टर विकले गेले. आरंभी काही दशलक्ष डॉलरना मिळणाऱ्या चार्टरची किंमत २०२३ मध्ये सुमारे ४ कोटी डॉलरवर गेल्याच्या बातम्या आल्या. संघ तोट्यात, पण त्याचा परवाना महाग, अशी ही विचित्र अवस्था होती. परवान्याचे मोल वाढेल या आशेवर मालक तोटा सोसत होते. म्हणूनच तो परवाना मुदतीचा आहे की कायमचा, हा प्रश्न त्यांच्यासाठी जीवनमरणाचा झाला.

शार्लटचा खटला :

नव्या कराराच्या वाटाघाटी दोन वर्षांहून अधिक काळ चालल्या. दूरचित्रवाणी हक्कांसाठी २०२५ ते २०३१ या ७ वर्षांचा ७.७ अब्ज डॉलरचा करार नॅसकारने केला होता. पूर्वीच्या व्यवस्थेत या उत्पन्नापैकी ६५ टक्के शर्यतमार्गांना, २५ टक्के संघांना व १० टक्के नॅसकारला जात असे. वरवर पाहता संस्था सर्वांत कमी घेई. पण बहुतेक प्रमुख मार्ग फ्रान्स कुटुंबाच्याच नियंत्रणाखालील कंपनीचे होते आणि २०१९ मध्ये ती कंपनी नॅसकारमध्ये विलीनही झाली. ही आकडेवारी पाहिल्यावर संघमालकांच्या रागाचे फारसे आश्चर्य वाटत नाही. ६ सप्टेंबर २०२४ च्या सायंकाळी अंतिम मसुदा पाठवून मध्यरात्रीपर्यंत सही करण्यास सांगण्यात आले. संघांचा वाटा त्यात वाढला होता. कायमस्वरूपी चार्टर नव्हते, आणि सही करणाऱ्याने मक्तेदारीविरोधी दावे सोडून द्यावेत असे कलम होते. १५ पैकी १३ संघांनी सह्या केल्या. उरलेल्या दोघांनी २ ऑक्टोबर २०२४ रोजी खटला दाखल केला.

खटल्याचा मार्ग सरळ नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायमूर्ती केनेथ बेल यांनी दिलेला अंतरिम मनाई हुकूम जून २०२५ मध्ये अपील न्यायालयाने रद्द केला. नॅसकारने प्रतिदावा लावून संघांनीच संगनमत केल्याचा आरोप केला. जुलै २०२५ पासून दोन्ही संघांच्या सहा गाड्या चार्टरविना धावू लागल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस ट्वेंटी-थ्री इलेव्हनच्या बुब्बा वॉलेस यांनी इंडियानापोलिसची 'ब्रिकयार्ड ४००' जिंकली. हंगामातील चार सर्वांत मानाच्या शर्यतींपैकी ही एक. विजेत्याकडे त्या दिवशी सनद नव्हती.

१ डिसेंबर २०२५ पासून ज्युरीसमोर झालेल्या साक्षी या लेखाच्या दृष्टीने प्राथमिक साधन ठरतात. जो गिब्स यांच्या संघाच्या वतीने त्यांच्या स्नुषा हेदर गिब्स यांनी सही करण्याच्या त्या रात्रीची हतबलता सांगितली. गिब्स यांचे दोन्ही पुत्र, २०१९ मध्ये जे. डी. आणि २०२२ मध्ये कॉय, निधन पावले होते. संघ नातवंडांसाठी राखायचा होता, आणि सही न करणे म्हणजे तो गमावणे होते. जेनकिन्स यांनी आपल्याला या व्यवसायात कधीच नफा झाला नसल्याचे सांगितले; २०२१ ची डेटोना ५०० जिंकलेला हा संघ होता. जॉर्डन यांनी आपण नवखे असल्यानेच आव्हान देण्यास धजलो, या आशयाची साक्ष दिली. दुसऱ्या बाजूने जिम फ्रान्स यांनी कायमस्वरूपी चार्टरला आपला विरोध कायम ठेवला. भविष्यात परिस्थिती काय असेल हे सांगता येत नाही, म्हणून कोणालाही कायमचे वचन देता येणार नाही, असा त्यांच्या भूमिकेचा गाभा होता. व्यवसायाच्या दृष्टीने ती अगदीच निराधार नव्हती. परंतु स्वतः वारशाने मिळालेली संस्था चालविणाऱ्याने दुसऱ्याच्या वारशाला अनिश्चिततेचे कारण द्यावे, यातील विसंगती ज्युरीपुढे झाकून राहणे कठीण होते.

चौकशीच्या ओघात उघड झालेल्या अंतर्गत संदेशांनी तिला आणखी धार आली. संस्थेचे आयुक्त स्टीव्ह फेल्प्स यांनी चिल्ड्रेस यांच्याविषयी खासगीत वापरलेली अवमानकारक भाषा, आणि त्यांची सारी संपत्ती नॅसकारच्या कृपेने झाली असा तिचा सूर, जाहीर झाला. ज्यांच्या गाडीने अर्नहार्ट यांना सातपैकी सहा विजेतेपदे मिळवून दिली आणि ज्यांचा या खेळाच्या सन्मानदालनात समावेश आहे, त्यांच्याबद्दलची ही भाषा होती. तिला व्यक्तिगत उद्धटपणा म्हणून सोडून देता येईल, पण तसे केल्यास तिच्यातील विचार निसटतो. मालकाने जे मिळविले ते संस्थेने दिले, हा विचार व्यवस्थेच्या मुळाशी १९४९ पासून होता. संदेशांत तो फक्त आडपडद्याविना आला. जानेवारी २०२६ मध्ये फेल्प्स यांनी पद सोडण्याचे जाहीर केले.

तडजोडीने दोन्ही वादी संघांना त्यांचे चार्टर परत मिळाले आणि सर्वच चार्टर कायमस्वरूपी झाले. ज्या १३ संघांनी सही केली होती, त्यांनाही लाभ मिळाला. संघमालकांचा हा विजय निर्विवाद असला तरी त्यांची भूमिका निर्दोष होती असे नव्हे. कायमच्या ३६ सनदा म्हणजे नवागतांसाठी केवळ चार खुल्या जागा; विल्क्स परगण्यातील एखादा जॉन्सन किंवा स्वतःची गाडी स्वतः दुरुस्त करणारा एखादा स्कॉट आज या मालिकेत येऊ पाहील तर त्याला आधी कोट्यवधी डॉलरचे चार्टर विकत घ्यावे लागेल. छोट्या मालकाच्या नावाने सांगितलेल्या हालअपेष्टांचा फायदा हेंड्रिक, पेन्स्की यांसारख्या मोठ्या संघांनाच अधिक होणार, हेही उघड आहे. मक्तेदारीविरुद्ध लढलेल्या पक्षाने मर्यादित संख्येच्या वतनदारीत आपली जागा पक्की केली.

आणि चालक या साऱ्यात कोठे होते, हे पाहिले पाहिजे. खटल्यातील पक्षकार मालक होते. चालकांचे वेतन, त्यांची सुरक्षितता वा त्यांची संघटना हा वादाचा विषय नव्हता. हॅमलिन हे यातील एकमेव ठळक चालक. नोव्हेंबर २०२५ च्या आरंभी फीनिक्स येथे गिब्स यांच्या ११ क्रमांकाच्या गाडीत बसून त्यांनी विजेतेपद अखेरच्या काही फेऱ्यांत गमावले होते. महिनाभराने ते शार्लटच्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले, ते मालक म्हणून.